धावपट्टीच्या कडेची भाजी

बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात बोडिनश्ट्रासे नावाचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून वर आलं की हेर्फुर्टश्ट्रासे हा रस्ता सरळ पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना जुन्या पाचमजली इमारती, खाली केशकर्तनालयं, भाजीची दुकानं, कॉफीच्या टपऱ्या. मधल्या चौकात एक चर्च लागतं, त्याचा मनोरा वरून छाटल्यासारखा दिसतो. तो खरोखरच छाटलेला आहे, कारण विमानांच्या वाटेत येत होता. आणखी पाचेक मिनिटांत रस्ता संपतो, लोखंडी फाटक येतं आणि फाटकापलीकडे घर नाही, झाड नाही, काहीच नाही. नुसतं गवत आणि आकाश, आणि लांबवर दोन डांबरी धावपट्ट्या. हे टेम्पेलहोफचं मैदान. साधारण ३०० हेक्टर, म्हणजे साडेसातशे एकरांच्या आसपास मोकळी जागा, तीही राजधानीच्या ऐन मध्यावर.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी ‘शेजार’ असा दिला. वाडा, चाळ, सोसायटीचा जिना, पाण्याचा नळ यांवर आपल्याकडे इतकं लिहून झालंय की मला त्यात नवं काही सुचेना. जुलैत भाचीकडे बर्लिनला जायचं होतंच. तिनं फोनवर सांगितलं, ‘‘मावशी, इथं विमानतळावर लोक मेथी लावतात, बघायला चल.’’ मी गेले.

कुंपण नाही

फाटकातून आत शिरलं की थोड्याच अंतरावर लाकडी खोक्यांचं एक गावठाण दिसतं. याचं नाव आल्मेंडे-कोन्टोर. आल्मेंडे म्हणजे गावाचं सामाईक रान, आपलं गायरान. २०११ साली मूठभर वाफ्यांनी सुरुवात झाली, आता आकडा अडीचशे-तीनशेच्या घरात आहे. वाफे म्हणजे खोकी. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटी, जुनी कपाटं, पलंगाच्या चौकटी, दारं, जे मिळेल ते ठोकून केलेली. दोन वाफ्यांच्या मध्ये बसायला बाकडी. एकानं खोक्यालाच पाठ जोडून आरामखुर्ची केलेली, दुसऱ्यानं मोडक्या गाड्याची चाकं लावलेली.

खोकीच का? जागा सरकारची, परवानगी तात्पुरत्या वापराची. जमीन खणायची नाही, पाया घालायचा नाही, उद्या उचला म्हटलं तर उचलता आलं पाहिजे. मग जमिनीवर खोकं ठेवायचं आणि आत थर रचायचे. तळाला जाड फांद्या, वर काटक्या, मग पालापाचोळा आणि अर्धवट कुजलेलं खत, सगळ्यात वर माती. आतला पाला कुजताना ऊब देतो, थंड मुलखात ती कामी येते. पण तोच पाला कुजून बसतो, खोक्यातली माती दरवर्षी वीतभर खाली जाते आणि वसंतात पुन्हा भर घालावी लागते. पॅलेट घेताना तिच्यावरचा शिक्का वाचायचा असतो हे मला एका निवृत्त जर्मन सुतारानं दाखवलं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, त्यात भाजी लावायची नाही. बागेतल्या नव्या माणसाला पहिली शिकवणी बहुधा हीच मिळते, कारण फुकट मिळालेली पॅलेट घेऊन तो आनंदात आलेला असतो.

आणि कुंपण नाही. संबंध मैदानाला कडेनं जाळी आहे, अंधार पडता पडता फाटकं बंद होतात. पण दिवसभर बागेत कुणीही यावं, कुणाच्याही वाफ्याशेजारी बसून डबा खावा. पतंग उडवणारे येतात, सायकलवाले येतात, स्केटिंगवाली पोरं येतात, शेकोटीवर मांस भाजणारी कुटुंबं येतात. साहजिकच भोपळे चोरीला जातात. तयार झालेला नवलकोल तर हमखास. एका वाफ्यावर लहान मुलाच्या अक्षरातली पाटी होती, तीन भाषांत, टोमॅटो अजून कच्चे आहेत, थोडं थांबा, अशा अर्थाची. मला हे ‘थोडं थांबा’ आवडलं. ‘घेऊ नका’ असं तिथं लिहिलेलं नव्हतं.

कुंपणाचा देश

हे किती वेगळं आहे ते कळायला जर्मनांची नेहमीची बाग माहीत हवी. रेल्वेरुळांच्या कडेनं, शहराच्या काठांनी त्यांच्याकडे श्रेबरगार्टन नावाच्या बागांच्या वसाहती असतात. लाइपझिगच्या डॉक्टर श्रेबर यांचं नाव त्यांना मिळालं, पण पहिली संस्था त्यांच्या मृत्यूनंतर, १८६०च्या दशकात, तिथल्या एका मुख्याध्यापकानं काढली. आज एकट्या बर्लिनमध्ये अशा सत्तर हजारांच्या आसपास बागा आहेत. यांना रीतसर केंद्रीय कायदा आहे, १९८३चा. बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नको, आतली झोपडी ओट्यासकट २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नको, त्यात कायम राहायचं नाही, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या पिकवल्याच पाहिजेत, नुसती हिरवळ करून खुर्ची टाकता येत नाही. शिवाय प्रत्येक वसाहतीचे आपापले नियम. दुपारी यंत्र लावू नका, कुंपणाची झुडपं अमुक उंचीची ठेवा. नंबर लागायला वर्षं जातात.

या बागा वाईट नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपाशी वर्षांत त्यांनी शहराला जगवायला हातभार लावला. त्या काळी बर्लिनचं टियरगार्टन हे भव्य उद्यानसुद्धा सरपणासाठी तोडून बटाट्या-कोबीखाली आणलं होतं. पण झुडपाच्या कुंपणाआड शेजाऱ्याशी बोलायचं निमित्त बहुतेक वेळा तक्रारीचं असतं.

दुसऱ्या वाटेची सुरुवात बर्लिनच्या बाहेर झाली, गॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावात. १९९५च्या सुमारास बोस्नियातून निर्वासित होऊन आलेल्या बायका तिथल्या एका केंद्रात जमायच्या. पुरुष युद्धात अडकलेले, बायका चहा पीत, विणकाम करत वाट बघणाऱ्या. तिथल्या समाजसेविकेनं त्यांना विचारलं की तुम्हाला इथं सगळ्यात जास्त कशाची उणीव भासते. उत्तर आलं, आमच्या बागांची. पुढच्या वर्षी जमीन मिळाली. इथिओपियातून आलेले शेतीतज्ज्ञ टासेव शिमेलेस यांनी ते काम उभं करायला मदत केली आणि बोस्नियन, इराणी, इथिओपियन, कुर्द, जर्मन अशी घरं शेजारी शेजारी वाफे करू लागली. आज जर्मनीत अशा ‘आंतरसांस्कृतिक बागा’ शेकड्यांनी आहेत. नाव सरकारी कागदासारखं जड आहे, पण सुरुवातीची ती गोष्ट साधी आहे. परक्या मुलखात माणसाला सतत काहीतरी दिलं जातं: कपडे, फॉर्म, भाषेचे वर्ग. वाफ्यातली भाजी त्याला स्वतः कुणाला तरी देता येते.

झारी आणि सुट्टी

बागेत सगळ्यांत खाष्ट गोष्ट कोणती विचाराल तर वारा. तीनशे हेक्टरांत अडवायला काही नाही, त्यामुळे खोक्यातली माती दुपारपर्यंत कोरडी होते. जुलैत रोज पाणी द्यावं लागतं. हातात झाऱ्या घेऊन माणसं ये-जा करत असतात आणि खरा शेजार तिथेच घडतो.

कारण असं की प्रत्येकाला कधीतरी बाहेरगावी जावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मन कुटुंबं समुद्राकडे जातात, तुर्की कुटुंबं महिनाभर तुर्कस्तानात, भारतीय मंडळी जमेल तेव्हा गावी. त्या दिवसांत पाणी कोण घालणार? बाजूच्या वाफ्यावरच्या माणसाशी बोलावंच लागतं, मग भाषा येवो न येवो. मी तिथं अरबी, तुर्की, पोलिश, स्पॅनिश, इंग्रजी आणि फार खुणा ऐकल्या-पाहिल्या. दोन बोटं म्हणजे दोन झाऱ्या. पानाखाली बोट फिरवून तोंड वाकडं केलं की गोगलगाई झाल्या आहेत. आपण एकोपा, सलोखा हे शब्द फार पटकन वापरतो. इथं मला दिसलं ते असं की कुणी कुणावर प्रेम करायला आलेलं नाही, त्यांना टोमॅटो वाचवायचे आहेत. प्रेम झालंच तर मागाहून.

भांडणंही होतात. वाफा घ्यायचा आणि वर्षभर फिरकायचं नाही, हा मोठा गुन्हा. रिकाम्या वाफ्यातलं गवत बी धरतं आणि वाऱ्यानं सगळ्यांकडे जातं, शिवाय वाट बघणारे लोक असतातच. तो काढून घ्यायचा का, किती नोटिसांनंतर, त्या माणसाचं आजारपण असेल तर काय, यावर बैठका झडतात. निवृत्त सुतारकाका हे सांगताना इतके तापले की त्यांच्या भाषेचा वेग माझ्या भाचीला झेपेना.

वेळापत्रकाचं मात्र सगळ्यांचं एकमत. मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना जर्मन लोक ‘बर्फाचे संत’ म्हणतात. शेवटची ती ‘थंड सोफी’. ती गेल्याशिवाय टोमॅटो, मिरची, भोपळा बाहेर लावायचा नाही, एका रात्रीच्या कडाक्यात रोप काळं पडतं. आपल्याकडे मृगाची वाट बघतात तशी इथं सोफीची. पहिल्या वर्षी हे न ऐकणारा दुसऱ्या वर्षी इतरांना सांगत फिरतो.

घोळ आणि चाकवत

मेथी लावणारी भेटली. मूळची साताऱ्याकडची, बर्लिनमध्ये आठेक वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत. ‘‘बी कुठून आणता?’’ असं विचारलं तर हसली. ‘‘ताई, बी कसलं, मसाल्याच्या पाकिटातली मेथी टाकते की.’’ बाहेरच्या देशातून युरोपात बी आणायचं तर वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तो कोण काढणार. म्हणून दुकानातले धने आणायचे, तळव्याखाली हलके रगडून दोन फाका करायच्या आणि पेरायचे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर सावकाश. जून-जुलैत दिवस इतका लांब की कोथिंबीर चार पानं धरते न धरते तोच फुलावर जाते. त्यामुळे ती एकदा एप्रिलच्या शेवटी पेरते आणि दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये.

तिच्या शेजारचा वाफा एका तुर्की बाईंचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गुडघे दुखतात म्हणून खोकं मुद्दाम कमरेइतकं उंच करून घेतलेलं. १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. १९७३ साली भरती थांबेपर्यंत जी लाखो माणसं आली, त्यांत या होत्या. वय विशीचं, काम कारखान्यात बारीक सुटे भाग जोडण्याचं. दोन वर्षांसाठी म्हणून आलेल्या, पन्नास वर्षं होऊन गेली. सातारकरीण त्यांना मावशीच म्हणते, त्यांच्याच भाषेत.

दोघींची ओळख झाली ती तणावरून. खोक्यांच्या मधल्या वाटेवर, फटींत, लालसर देठाची मांसल पानं पसरली होती. सातारकरीण वाकून खुडायला लागली, कारण ती घोळ होती. बघते तर पलीकडून मावशीही पिशवी घेऊन तेच खुडत होत्या. दोघी थबकल्या, मग मावशींनी मुठीतली अर्धी जुडी हिच्या पिशवीत टाकली. तुर्की घरांत घोळ कच्ची खातात, दह्यात लसूण ठेचून त्यात कालवून, नाहीतर थोडे तांदूळ आणि टोमॅटो घालून शिजवतात. हिच्याकडे ती डाळ घालून. मी गेले त्या दिवशी बाकड्यावर स्टीलचा डबा उघडला होता, आत दह्यातली घोळ, वर लाल तिखटाची फोडणी. मूळ पाककृती मावशींची, फोडणी साताऱ्याची. आंबटसर, किंचित बुळबुळीत पान आणि गार दही, त्यात लसणाचा ठसका. उन्हातून चालत आल्यावर याहून बरं काही मिळालं नसतं.

घोळीनंतर चाकवत. तो तर बर्लिनमध्ये कुठंही उगवतो, बांधकामाच्या राडारोड्यावर, रुळांच्या कडेला. पानाच्या मागे पांढरी पूड असते ना, त्यावरून लगेच ओळखू येतो. जर्मन बागवान त्याला उपटून खताच्या ढिगावर टाकतात. आता ते उपटून आधी हिला विचारतात. ती घरी ताकातला चाकवत करते, हरभऱ्याची डाळ, दाणे, लसणाची फोडणी, सगळं रीतसर. सुतारकाकांनी एकदा खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला नाही, हेही तिनंच सांगितलं. मात्र ते तिला सारखे बजावतात की खालची पानं नीट धू, शिजवूनच खा. बर्लिनमध्ये कोल्हे बिनदिक्कत फिरतात, त्यांच्या विष्ठेतून एक चिवट पट्टकृमी पसरतो आणि जर्मन माणूस त्याला भारी भितो. मावशी कच्ची घोळ खातात म्हटल्यावर काका कपाळाला हात लावतात. मावशी पानं तीन पाण्यांतून काढतात आणि खातात.

या जमिनीवर आधी काय होतं

विमानतळ १९२३चा. उत्तर काठावर कोलुंबिया-हाउस हा नाझींचा छळतुरुंग होता, पुढे युद्धात इथंच पकडून आणलेल्या मजुरांकडून लढाऊ विमानं जोडून घेतली गेली. मग १९४८. सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रूळ, कालवे बंद केले आणि जवळपास वर्षभर शहराला लागणारा कोळसा, पीठ, सुकवलेले बटाटे हवेतून आले, त्यातला मोठा वाटा याच धावपट्ट्यांवर उतरला. २००८च्या ऑक्टोबरात शेवटचं विमान गेलं. २०१०च्या मे महिन्यात फाटकं लोकांसाठी उघडली. २०१५च्या शरदात सीरिया, अफगाणिस्तान, इराककडून माणसं आली तेव्हा विमानतळाच्या प्रचंड, धनुष्यासारख्या वळलेल्या इमारतीतल्या विमानांच्या दालनांत त्यांच्या खाटा लागल्या.

मैदानाचा आणखी एक भाडेकरू आहे, चंडोल. गवतात जमिनीवर घरटी करणारा. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत त्याच्यासाठी गवताचे मोठे पट्टे दोरी-जाळीनं राखून ठेवतात. माणसांना कुंपण नको म्हणणारे लोक पक्ष्याचं कुंपण निमूट पाळतात.

भाडं

इथपर्यंत सगळं गोड वाटेल. पण विमानं थांबली आणि ज्या गल्ल्यांत बोलणं ऐकू येत नव्हतं, त्या शांत झाल्या. घराशेजारी अचानक एवढं मोठं मैदान मिळालं. जी वस्ती गोंगाटामुळे स्वस्त होती, ती सगळ्यांना हवीशी झाली. शिलरकीत्स म्हणतात त्या या भागाची भाडी चढत गेली. तुर्की-अरब कुटुंबं, म्हातारे एकटे कामगार, जुने भाडेकरू यांतले कितीतरी लांब शहराच्या कडेला गेले. बागेचा यातला वाटा लहान असेल, पण ‘बघा किती रंगीबेरंगी वस्ती’ हे घराच्या जाहिरातीतलं चित्र बागेनंच पुरवलं. हेर्फुर्टश्ट्रासेवरच्या एका भाजीवाल्यानं मला सांगितलं की बागेत तो कधी गेला नाही, त्याला वेळ नसतो. गिऱ्हाईक बदललंय एवढंच त्याला कळतं. पूर्वी टोमॅटो पेटीनं जायचे, आता चार-चार जातात.

बागेत दिसणारी माणसंही सगळ्या थरांतली नाहीत. शिकलेले जर्मन आणि माझ्या भाचीसारखे पगारदार परदेशी जास्त. ज्यांच्या दोन-दोन पाळ्या असतात, त्यांना रोज संध्याकाळी झारी घेऊन येणं जमत नाही. मावशींसारख्या निवृत्त बायका आहेत म्हणून बागेला वस्तीचा चेहरा आहे.

शहर सरकारला या मैदानाच्या कडांवर ४,७०० घरं आणि मोठं ग्रंथालय बांधायचं होतं. नागरिकांनी सह्या जमवून जनमत लावलं. २५ मे २०१४ला मतदान झालं, ६४.३ टक्के लोकांनी बांधकाम नको म्हटलं, आणि मैदान मोकळं ठेवायचा कायदाच झाला. पुढच्या वर्षी निर्वासित आल्यावर तोच कायदा थोडा वाकवून काठावर तात्पुरत्या निवाऱ्यांना जागा करून दिली, हेही खरं. आणि २०२३ साली आलेल्या सरकारनं कडेला घरं बांधायचा विषय पुन्हा काढला. बर्लिनमध्ये घर मिळणं आज दुरापास्त आहे. एका खोलीसाठी दीडशे माणसांच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस बागेतल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. सुतारकाका म्हणतात, एक वीटही नको, एकदा काठ गेला की मध्य जातो. माझी भाची दोन वर्षांत तीन घरं बदलून थकली आहे, तिला काठावर घरं हवीत, फक्त ती खरोखर स्वस्त असतील तर. यावर दोघांची चांगली जुंपली. मला भाचीचं पटतं, पण त्या ‘फक्त’वर माझाही फारसा भरवसा नाही.

मावशींनी २०१४ला काय मत दिलं, हे मी विचारलं. त्यांनी दिलंच नव्हतं. राज्याच्या जनमतात जर्मन नागरिकांनाच मत असतं. चाळीस वर्षं कर भरलेल्या मावशी त्या दिवशी वाफ्याला पाणी घालत होत्या आणि बाजूनं लोक मत देऊन आल्याचं सांगत जात होते. तुर्की पासपोर्ट सोडायला त्यांचं मन झालं नव्हतं. गावात आईवडिलांची जमीन, कबरी.

२०२४च्या जूनपासून नागरिकत्वाचा कायदा बदलला. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, आधीचं नागरिकत्व सोडायची अट जर्मनीकडून गेली आणि मावशींच्या पिढीतल्या जुन्या कामगारांना लेखी परीक्षाही नाही, बोलता आलं की पुरे. नातवानं संगणकावर त्यांचा अर्ज भरून टाकला आहे. सातारकरणीची गोष्ट उलटी. जर्मनी हरकत घेणार नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मत हवं तर भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि स्वतःच्या गावी जायला परदेशस्थ भारतीयाचं कार्ड काढायचं. नवरा तयार आहे. साताऱ्याला सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, ते गणपतीत गेल्यावर सांगू म्हणते. ते दोन आठवडे मेथीला पाणी मावशी घालणार आहेत.